खड्ग आणि मंत्र

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक कल्पित पात्र चालवावयाचे व त्याचे दैव फाशांवर सोपवावयाचे, असा हा खेळ. त्यात मंत्र जाणून आघाडीवर तलवारही चालविणारा वीर अनेकांना मोहवितो. परंतु बहुधा तोच अल्पायुषी ठरतो. असे का व्हावे?

२०१४ च्या नियमांत योद्ध्याच्या प्राणशक्तीचा फासा १० बाजूंचा, तर मांत्रिकाचा अवघा ६ बाजूंचा. शिवाय चित्ताच्या एकाग्रतेवर टिकणारा मंत्र एका वेळी एकच चालतो. घाव बसला की तो टिकविण्यासाठी २० बाजूंचा फासा टाकावा लागतो. त्यात काटकपणाची भर घालून बेरीज १० किंवा घावाच्या निम्मी, यांपैकी जी मोठी असेल तिथवर पोचावी लागते. म्हणून गुणांची वाटणी करताना सारे काही मनगटाच्या बळावर न उधळता काटकपणाला मोठा वाटा द्यावा. तलवारीबरोबर ढालही घेतली, तर मंत्रमुद्रेला हात उरत नाही, हेही ध्यानी असावे.

सारांश, घाव सोसूनही ज्याचे चित्त ढळत नाही, तोच खरा खड्गधारी मांत्रिक होय.