गॅमा प्राइम आणि सिग्मा: आठ दशकांचा मागोवा

1941 साली ब्रिटनमध्ये अभियंते व्हिटल यांच्या जेट इंजिनाच्या पात्यांसाठी निमोनिक 80 हा मिश्रधातू तयार झाला. निकेल-क्रोमियममध्ये थोडे टिटॅनियम आणि ॲल्युमिनियम घातले की तापूनही तो मऊ पडत नाही, एवढे तेव्हा ठाऊक होते. कारण पुढे उमगले. तीन निकेलला एक ॲल्युमिनियम अशा शिस्तीने अणू बसून झालेले गॅमा प्राइम हे संयुग त्यात बारीक कणांच्या रूपात विखुरलेले असते. त्याची अणुरचना भोवतीच्या निकेलशी इतकी जुळते की कण सहजी फुगत नाहीत. शिवाय साधारण 700 अंश सेल्सिअसपर्यंत त्याची ताकद तापमानाबरोबर वाढतेच, हे धातूंत दुर्मीळ.

पन्नासच्या दशकात निर्वात भट्ट्या आल्या आणि ॲल्युमिनियम, टिटॅनियम वाढवता आले. मिश्रधातू इतका कणखर झाला की घडवणे अवघड, म्हणून पाती ओतू लागले. आयएन-100 हा त्या ओतीव पिढीचा मानकरी.

याच आयएन-100 ने साठच्या दशकाच्या सुरुवातीला धडा दिला. साच्यातून निघालेली पाती निर्दोष दिसत, पण उष्णतेत बराच काळ राहिल्यावर त्यांत सिग्मा या संयुगाचे पातळ पत्रे उगवत. ते स्वतः ठिसूळ, वर क्रोमियम आणि मॉलिब्डेनम ओढून भोवतीचा धातू दुबळा करणारे. 1964 मध्ये बॉश आणि स्लेनी यांनी फॅकॉम्प ही रीत मांडली: गॅमा प्राइम आणि कार्बाइडमध्ये जाणारा वाटा वजा करा, उरलेल्या धातूची सरासरी इलेक्ट्रॉन-रिक्तता (अणूंतल्या इलेक्ट्रॉनांच्या मोकळ्या जागा) काढा, ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर सिग्मा येणार. माझ्या मते या क्षेत्राचे खरे वळण हेच. इथून मिश्रधातू अंदाजाने नव्हे, हिशेबाने ठरू लागला.

1982 च्या सुमारास एकस्फटिकी, म्हणजे अखंड एकाच स्फटिकाची, पाती प्रवासी विमानांत आली. स्फटिकांमधल्या दुबळ्या सीमा गेल्या, पण सिग्माचे भाऊबंद परतले. ताकदीसाठी आधी तीन, मग सहा टक्के रेनियम घातले. ओतलेला धातू गोठताना ते डेंड्राइटच्या, म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटलेल्या स्फटिकाच्या, गाभ्यात साचते आणि तिथेच घातक संयुगे जन्मतात. उपाय म्हणून दीर्घ उष्णोपचार, पुढच्या पिढीत रुथेनियम.

एप्रिल 2021 मध्ये हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण-धातू प्रयोगशाळेने हेलिकॉप्टर इंजिनासाठी अशी 60 एकस्फटिकी पाती एचएएल या विमान कंपनीकडे दिली. असे तंत्र मोजक्या देशांकडेच आहे.