206 पैकी 106

प्रौढ माणसाच्या अंगात 206 हाडं असतात. त्यातली 106 एकट्या हातापायांच्या टोकांना आहेत. मनगटापासून बोटांपर्यंत प्रत्येक हातात 27 आणि घोट्यापासून खाली प्रत्येक पावलात 26. कवटी, कणा, बरगड्या, मांडीचं दणकट हाड असं सगळं धरून उरलेल्या देहाच्या वाट्याला येतात अवघी 100.

जप करताना अंगठा चार बोटांच्या पेरांवरून फिरतो, तेव्हा बारा पेरं भरतात. अंगठ्याची स्वतःची दोन मिळवली की चौदा. पायाच्या बोटांतही चौदाच. म्हणजे नुसत्या बोटांची हाडं झाली 56, एकूण हाडांच्या पाव हिश्शाहून जास्त!

आता 106 हा आकडा जगाला लावून पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबाने 15 नोव्हेंबर 2022 रोजी जगाची लोकसंख्या 800 कोटी झाली. 800 कोटी गुणिले 106, म्हणजे 84 हजार 800 कोटी हाडं. आपल्या आकाशगंगेत 10 ते 40 हजार कोटी तारे असावेत असा खगोलशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यातला सर्वांत मोठा अंदाज धरला तरी माणसांच्या हातापायांतली हाडं ताऱ्यांच्या दुपटीहून जास्त भरतात.

हिशोब अर्थात ढोबळ आहे. कित्येकांच्या पायाच्या करंगळीत तीनाऐवजी दोनच हाडं असतात, आणि लहान मुलांचं तर गणितच वेगळं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला, तर हात आणि तळवा यांच्यामध्ये चक्क मोकळी जागा दिसते. तिथली आठही हाडं अजून कूर्चेची असतात आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. दोन-तीन महिन्यांनी पहिली दोन उमटतात, मग एकेक करत बाकीची. करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या घडीपाशी दाबलं की जो छोटा टणक उंचवटा हाताला लागतो, ते हाड सर्वांत शेवटी, साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. हा क्रम इतका भरवशाचा आहे, की मुलाची वाढ वयाप्रमाणे होते आहे का हे पाहायला डॉक्टर डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे मागतात. वयोगटाच्या क्रिकेटमध्ये वय पडताळतानाही मनगटच तपासतात. जन्मदाखल्यावरची तारीख बदलता येते, ही हाडं बदलता येत नाहीत.

पण मला खरं नवल वाटतं ते पावलाचं. आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे 250 किलोमीटर. एक पाऊल 60 सेंटिमीटरचं धरलं तर वारकऱ्याची चार लाखांहून जास्त पावलं पडतात, एका पायाची दोन लाख. वजन 60 किलो असेल, तर एका वारीत एकेका पायाने उचललेला भार होतो 1 कोटी 20 लाख किलो, म्हणजे 12 हजार टन. डोक्यावरचं तुळशीवृंदावन यात धरलेलंच नाही. दहा टन माल भरलेले बाराशे ट्रक एकामागून एक यावेत इतका हा भार, आणि तो पेलायला 26 लहान हाडं.

टाच उचलली की हा भार चवड्यावर येतो. चवड्यामागच्या पाच लांबट हाडांपैकी दुसरं सडपातळ आणि मुळाशी घट्ट अडकलेलं, म्हणून फार चालण्याने त्याला तडा जाण्याची भीती जास्त. मैलोन् मैल कवायत करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांची नोंद प्रशियाच्या लष्करातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी 1855 मध्येच केली होती. एक्स-रेचा शोध लागला 1895 मध्ये, आणि मग कळलं की त्या पायांतलं हाड चिरलेलं असे. आजही पहिल्या एक्स-रेत तो तडा पुष्कळदा सापडत नाही. म्हणून चवड्याच्या दुखण्याला नुसता थकवा म्हणणं मला पटत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, की तड्याभोवती नव्या हाडाचा पांढुरका थर धरलेला दिसतो.