बॉम्बच्या छायेतील विनोद आणि सभ्यता

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सैनिक उभा राहतो. परंतु दुसऱ्या महायुद्धात लंडनचा सामान्य नागरिकही रणांगणातच होता. ७ सप्टेंबर १९४० पासून सलग ५७ रात्री जर्मन विमानांनी या शहरावर बॉम्ब टाकले. मे १९४१ पर्यंत ब्रिटनमध्ये ४० हजारांहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. अशा काळात माणसे हसली कशी आणि परस्परांशी नीट वागली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे.

दुकानाची दर्शनी भिंत उडाली की मालक पाटी लावी, "नेहमीपेक्षा जास्त उघडे!" हा विनोद शत्रूवर नसून स्वतःच्याच नुकसानीवर होता. म्हणूनच वाचणाऱ्या शेजाऱ्याला त्यातून धीर मिळे.

हसऱ्या लंडनचे हे चित्र सरकारी प्रचाराने मात्र फार रंगवले. पडक्या घरांतून चोऱ्याही झाल्या, खटले चालले. गोदी कामगारांच्या ईस्ट एंड वस्तीतील निवारे अपुरे व गलिच्छ, तर सॅव्हॉय या श्रीमंती हॉटेलच्या तळघरात झोपण्याची उत्तम सोय! सप्टेंबर १९४० मध्येच कम्युनिस्ट कार्यकर्ते फिल पिराटिन यांच्या नेतृत्वाखाली ईस्ट एंडची माणसे मुलाबाळांसह त्या तळघरात शिरली. त्यांनी मोडतोड केली नाही. चहा मागितला आणि साध्या उपाहारगृहाच्या दराने पैसे देऊ असे सांगून तो मिळवला. सभ्यता म्हणजे मुकाट सोसणे नव्हे, हे विद्यार्थ्यांनी येथे ध्यानात घ्यावे.

भुयारी रेल्वेच्या स्थानकांत लोकांनी आसरा घेऊ नये, अशी सरकारची प्रारंभी भूमिका होती. लोकांनी तिकिटे काढली, खाली उतरले आणि वर आलेच नाहीत. शेवटी सरकार नमले. मग फलाटांवर पांढऱ्या रेषा आखल्या गेल्या. संध्याकाळी साडेसातपर्यंत कडेपासून ८ फूट जागा प्रवाशांसाठी मोकळी, त्यानंतर ४ फूट. स्विस कॉटेज स्थानकातील आश्रितांनी तर स्वतःचे छोटे पत्रकच काढले. त्यात घोरणाऱ्यांना आणि झोपेत चालणाऱ्यांनाही आपुलकीने अभिवादन केले होते! अनोळखी माणसाच्या घोरण्याचा राग असा हसण्यावारी गेला, तर भांडणाला जागा उरत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण स्पिटलफील्ड्सच्या बाजारातील तळघराचे. तेथे क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे कोंबली गेली होती. घाण आणि दुर्गंधी असह्य होती. मिकी डेव्हिस हा चष्मेवाला पुढे आला. त्याची उंची जेमतेम सव्वातीन फूट. त्याने समिती उभी केली, स्वच्छतेचे नियम ठरवले, प्रथमोपचाराची सोय लावली. तेथील उपाहारगृहाच्या नफ्यातून मुलांना मोफत दूध मिळू लागले. पुढे निवाऱ्याचा अधिकृत प्रमुख ठरवण्याची वेळ आली, तेव्हा आश्रितांनी मतदान करून मिकीलाच निवडले.