डीजे वाजू दे, पण आधी धवला!

पनवेलची हळद म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पिवळेधम्मक चेहरे, बेंजोवर आगरी-कोळी गाणी आणि ‘अजून एक होऊ दे’ म्हणत नाचणारी अख्खी आळी. भारीच असतं ते! पण पुढच्या हळदीला जरा लवकर जा. डीजेवाला वायरी जोडत असतो, तेव्हा आत नवरदेवाजवळ एखादी आजी गात असेल. ती धवलारीण.

आगरी लग्नाचे विधी ती गाण्यांतून पार पाडते. मांडव घालणं, हळद दळणं, हळद लावणं... ज्या त्या वेळेचा धवला ठरलेला. भाषा घरचीच, ‘ळ’चा ‘ल’ करणारी. म्हणून हळद तिथे ‘हलद’ होते. हातात कागद नसतो. एकीनं ओळ सुरू करायची, बाकीच्यांनी उचलायची. आणि हे काही आजकालचं नाही हं! मराठीची आद्य कवयित्री महदंबा हिनं तेराव्या शतकात गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्यासाठी रचले, ते ‘धवळे’च.

मग अडतंय कुठे? विमानतळासाठी आपल्याकडची दहा गावं उठली. घरांच्या बदल्यात प्लॉट देण्याचं पॅकेज ठरलं. पण अंगण आणि शेजार कुठल्या पॅकेजमध्ये बसणार? शेजारणी पांगल्या की ओळ उचलणार कोण? धवला काही एकटीनं गायची गोष्ट नाही.

आता जरा मॉरिशसला चला. क्रिओल बोलणारं हे बेट. गुलामांनी तिथे सेगा हा नाच-गाण्याचा प्रकार जन्माला घातला. बकऱ्याच्या कातड्याचं ‘रावान’ वाजवत, वाळूवर पाय घासत नाचायचं. २०१४मध्ये युनेस्कोनं पारंपरिक सेगाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. २०१६मध्ये मान मिळाला तिथल्या भोजपुरी ‘गीत-गवई’ला. लग्नाआधी घरच्या आणि शेजारच्या बायकांनी थाळी, लोटा, चमचा, ढोलक घेऊन गायचं-नाचायचं, हीच ती गीत-गवई. वाटतंय ना ओळखीचं? फरक एवढाच, की तिथे ही गाणी शिकवणारे वर्ग चालतात.

आपण काय करू शकतो?

- लग्नाच्या रील्स काढताच ना? एक अख्खा धवला रेकॉर्ड करा. आधी आजीला विचारा आणि तिचं नाव, गाव नोंदवा.
- शब्द तिच्याच बोलीत लिहा. ‘शुद्ध’ करायला जाऊ नका.
- अडलेल्या शब्दाचा अर्थ तिलाच विचारा. गुगलला तो सापडेलच असं नाही.
- हळदीच्या कार्यक्रमात पहिला अर्धा तास धवल्याला द्या, आणि मागे बसून ओळ उचला. सूर चुकला तरी चालेल.

रात्री दहाला स्पीकर बंद करावाच लागतो. धवल्याला स्पीकर कधी लागलाच नाही. त्याला लागतात चार गळे. त्यातला एक तुमचा का नसावा?