चढणीचे मासे आणि चुकलेला पाऊस



मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला कीं ओढ्यांना लाल पाणी येई, आणि त्या रात्रीं माझ्या लहानपणीं निम्में गांव कंदील घेऊन ओढ्यावर लोटे. नदींतले मासे प्रवाहाच्या उलट वर चढून भातखाचरांत शिरत. त्यांस आम्ही 'चढणीचे मासे' म्हणत असूं. कोकणांत 'वलगणीचे मासे' म्हणतात. ते कां चढतात, हा प्रश्न त्या वयांत आम्हांस पडला नाहीं. पुढें शाळेंत एका विद्यार्थ्यानें तो मला विचारला. उत्तर शोधतांना ध्यानांत आलें कीं, हे मासे आपल्या ताटांत येण्यासाठीं नव्हे, तर अंडीं घालण्यासाठीं निघालेले असतात.

माशाचें शरीर हें एक पंचांगच होय. वसंतांत दिवस वाढतो व पाणी तापूं लागतें, तेव्हां पोटांतील अंडीं पक्व होऊं लागतात. पण तीं बाहेर पडण्यास दुसरी खूण लागते. ती म्हणजे पुराचें ताजें, गढूळ व वाहतें पाणी. रोहू, कटला व मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यांत आपण होऊन अंडीं घालीत नाहींत, त्याचें कारण हेंच. साधारण २४ ते ३१ अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यांत, पुरानें बुडालेल्या उथळ कांठावर त्यांची वीण होते. अंडीं एका दिवसाच्या आंत फुटतात, आणि पिलें त्या पसरलेल्या पाण्यांतील सूक्ष्म जीवांवर वाढतात.

आतां या दोन खुणांची ताटातूट होऊं लागली आहे. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, हरिद्वारजवळ गंगेच्या पाण्याचें सरासरी किमान उष्णतामान १९७०-८६ च्या मानानें १९८७-२००३ या काळांत सुमारें दीड अंशानें वाढलें. बंगाल व आसाममधील बीजकेंद्रांत पूर्वीं पावसाळ्यांत होणारी वीण आतां मार्चपासूनच सुरू होऊं लागली.

मग हा लाभच नव्हे काय, असें कोणी विचारील. बीजकेंद्राच्या मालकास तो कांहीं अंशीं लाभ आहेही. १० जुलै १९५७ रोजीं डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोंचून माशांची वीण घडवून आणली, तेव्हांपासून तेथें पुराची वाट पाहावी लागत नाहीं. परंतु नदीला सुई टोंचणारा कोण? तेथें अंडीं तयार असून पूर आला नाहीं, तर तीं माशाच्या शरीरांतच जिरून जातात.

पाऊसही आपली रीत बदलीत आहे. १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले, असें पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. एकदम कोसळावें आणि मग आठवडेच्या आठवडे दडी मारावी, असें झालें कीं मासे चढतात, अंडीं घालतात, आणि खाचरें आटून पिलें चिखलांत मरतात. शिवाय तापलेल्या पाण्यांत प्राणवायू कमी मावतो. एक लिटर पाण्यांत २० अंशांवर सुमारें ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांवर साडेसातच.

याचा भार कोणावर पडतो? भंडारा-गोंदियाकडे जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांवर ढीवर समाजाच्या सहकारी संस्था मासेमारी करतात. तलाव उशिरा भरला तर बोटुकली उशिरा सोडावी लागते. तो लवकर आटला तर मासा पुरता वाढण्यापूर्वींच काढून विकावा लागतो. मोठी सर आली तर सांडव्यावरून मासे निघून जातात. तलावाचा ठेका, बियाण्याचा खर्च मात्र चुकत नाहीं. शेतकऱ्याचें बुडालेलें पीक निदान डोळ्यांना दिसतें. कोळ्याचें पाण्याखालीं बुडतें.

सर्व दोष हवेच्या माथीं मारणें मात्र न्याय्य नव्हे. बंधाऱ्यांनीं माशांची वाट अडविली, वाळूउपशानें पात्र खरवडलें, शहरांच्या सांडपाण्यानें नदी नासली. हवा बदलली ती या दुबळ्या झालेल्या नदीवर. म्हणूनच जें आपल्या हातीं आहे तें आधीं केलें पाहिजे. तलावांतील गाळ काढावा, बंधाऱ्याला माशांची वाट ठेवावी, आणि पहिल्या पुराचे पंधरा दिवस ओढ्यांत जाळीं लावूं नयेत. समुद्रांत पावसाळ्यांत यांत्रिक नौकांना बंदी असते. ओढ्यालाही तेवढा विसांवा मिळावा.

आणि आपण शहरवासी? मंडईंत आषाढाच्या आरंभीं नदीचा गाबोळीचा मासा दिसला, तर तो आवडीनें उचलण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. त्या गाबोळीच्या एका मुठींत लाखांच्या हिशेबानें मासे असतात, आणि कोणा एका घराचा पुढील वर्षाचा घांसही असतो. मीं स्वतः तो घेणें सोडलें आहे. कबूल करतों, जिभेला तें सोपें गेलें नाहीं.