शब्दाचा अर्थ गोष्टीतच सापडतो

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूज्य मानले जाते. या परिसरातील कितीतरी आजीआजोबांनी शाळेची पायरी न चढताही अभंगांतील जुने शब्द आत्मसात केले, ते कीर्तन ऐकून. त्यांच्या हाती कोश नव्हता. मागचापुढचा संदर्भ आणि तोच शब्द वारंवार कानी पडणे, यांतून अर्थ उमगत गेला. नातवंडांना जुने बालसाहित्य वाचून दाखविताना हीच रीत उपयोगी पडते.

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ घ्या. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक ४२ रात्रींत विभागलेले आहे. रोज सायंकाळी एक रात्र वाचली, तर सहा आठवड्यांत ते पूर्ण होते. कथा कोकणातील असल्यामुळे कळमनुरी वा वसमतच्या मुलांना त्यात अनेक अनोळखी शब्द भेटतात. काही वेळा ओळखीचा शब्दही चकवतो. मोरी म्हणजे भांडी घासण्याची जागा, एवढेच ठाऊक असलेले मूल ‘मोरी गाय’ या मथळ्याशी अडखळते. पण पुढचा मजकूर वाचताच हे गायीचे नाव आहे, हे त्याला कळते. ‘पत्रावळ लावणे’ म्हणजे पाने टाचून पत्रावळ तयार करणे, हेही गोष्टच सांगते. पळसाची पाने कशी टाचत, पंगतीत पत्रावळी कशा मांडत, हे आजीने सांगितले की तो शब्द मुलाच्या मनात पक्का रुजतो.

वाचताना प्रत्येक शब्दाशी थांबू नये. परिच्छेद संपू द्यावा, मग ‘तुला काय वाटते?’ असे विचारावे. अंदाज चुकला तरी हसू नये. पुढे तोच शब्द पुन्हा आला की मूल स्वतःच आपला अंदाज सुधारते. संदर्भ अपुरा पडल्यास कोश आहेच.

यात ज्येष्ठांचेही हित आहे. वाढत्या वयात आठवण्याचा वेग मंदावतो, एखादे नाव ओठांवर येऊन अडते. शब्दसंपत्ती मात्र बहुधा दीर्घकाळ टिकते. ‘आता आपले घरात काय काम?’ असे ज्यांना वाटू लागते, त्यांच्यापाशी नातवंडांना देण्याजोगे हे धन शिल्लक असते.

काळजी घेणाऱ्यांनी पुरेसा प्रकाश, योग्य चष्मा आणि गरज असल्यास श्रवणयंत्र यांकडे लक्ष द्यावे. डोळे थकले तर मुलाने वाचावे, आजोबांनी अर्थ सांगावा. या वाचनाला त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा मात्र बनवू नये. रोजच्या वस्तूंची नावे वारंवार विसरू लागली किंवा साध्या गोष्टीचा धागा सुटू लागला, तर ‘वयच झाले’ म्हणून दुर्लक्ष न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बोलणे अचानक अडखळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

एवढी दक्षता बाळगून, जेवणे आटोपल्यावर पुस्तक उघडावे. नातवंडांना शब्द मिळतील आणि वडीलधाऱ्यांना ऐकणारे कोणीतरी.