शेजारच्या घरात कोण राहायला येणार?



ईलिंगमध्ये एखाद्या घरासमोरची विक्रीची पाटी निघाली की गल्लीत पहिला प्रश्न असतो, "घर कोणी घेतलं?" उत्तर जर "चार-पाच मतिमंद माणसं राहायला येणार आहेत, त्यांना सांभाळायला माणसं असतील" असं आलं, तर चहाच्या कपाबरोबर कुजबुज सुरू होते. ती करणारे सगळेच काही वाईट मनाचे नसतात. पुष्कळदा ती भीती असते, आणि भीती बहुतेक वेळा माहिती नसल्यामुळे असते. म्हणून आम्ही ईलिंगकर मंडळींनी ठरवलं की या अंकात या विषयावर मोकळेपणानं लिहू या. आजी-आजोबांनी वाचावं आणि नातवंडांनाही वाचून दाखवावं.

आधी शब्दांचं पाहू. आपल्या लहानपणी लोक सरळ 'खुळा' किंवा 'येडा' म्हणत. नंतर 'मतिमंद' शब्द आला. आता 'बौद्धिक अक्षमता' म्हणतात आणि इथे इंग्लंडात 'लर्निंग डिसॅबिलिटी'. म्हणजे शिकायला, समजायला, रोजचे व्यवहार करायला जन्मापासून किंवा लहानपणापासून जास्त वेळ आणि मदत लागणं. हा काही आजार नाही, आणि तो लागत तर मुळीच नाही. संपूर्ण ब्रिटनमध्ये अशी सुमारे १५ लाख माणसं आहेत. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत कोणी ना कोणी असणारच.

हॅनवेलची भिंत

मुंबईत कोणी वेड्यासारखं वागलं की आपण गमतीनं म्हणायचो, "याला ठाण्याला पाठवा!" पुण्याचे लोक येरवड्याचं नाव घ्यायचे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. पण लंडनच्या लोकांचं 'ठाणं' त्याहून ७० वर्षं जुनं, आणि ते आपल्या ईलिंगमध्येच! हॅनवेल आणि साउथॉलच्या मधे, अक्सब्रिज रोडवर, १८३१ साली मिडलसेक्स परगण्याचं वेड्यांचं इस्पितळ उघडलं. पुढे त्याला सेंट बर्नार्ड्स म्हणू लागले. 'हॅनवेल' म्हटलं की इंग्रज माणसाला पूर्वी तेच आठवायचं.

आजही कालव्याच्या काठानं फिरायला गेलात तर त्या इस्पितळाची उंच विटांची भिंत दिसते. बालमित्रांनो, तिच्यात एक बुजवलेली कमान आहे, ती नक्की शोधा. तिथून कोळशाच्या होड्या थेट आत जायच्या, म्हणजे आतल्यांना बाहेर यायचं कारणच उरत नसे. पण याच भिंतीआड एक चांगली गोष्टही घडली. १८३९ साली डॉ. जॉन कॉनली तिथे आले आणि त्यांनी रोग्यांना साखळदंड, पट्टे बांधून ठेवणं बंद केलं. लोक म्हणाले, आता गोंधळ माजेल. तसं काही झालं नाही, आणि हॅनवेलचं नाव जगभर गेलं.

इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. मनाचा आजार वेगळा आणि बौद्धिक अक्षमता वेगळी. आजार येतो, त्यावर उपचार होतात, पुष्कळदा तो बराही होतो. अक्षमता माणसाबरोबर जन्मभर असते. तिला औषध नाही, तिला शिकवणं आणि साथ लागते. पण कायद्यानं आणि समाजानं दोघांनाही भिंतीआड घातलं, त्यामुळे लोकांच्या मनात दोन्ही एक झाले. आजही शेजारचे लोक घाबरतात ते बऱ्याच अंशी या गोंधळामुळे.

इस्पितळातून घराकडे

बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी इंग्लंडात शहराबाहेर मोठमोठी इस्पितळं होती. एकेका दालनात खाटांच्या रांगा, कपडेही सामाईक. लहान मूल आत गेलं की म्हातारं होऊन मरेपर्यंत तिथेच. १९४६ साली ज्यूडी फ्राइड नावाच्या एका आईनं अशा मुलांच्या आईबापांची संघटना सुरू केली. तीच आजची मेनकॅप. १९६७ साली कार्डिफच्या ईली इस्पितळातली मारहाण आणि हेळसांड वर्तमानपत्रात आली. १९६९ साली चौकशीचा अहवाल निघाला आणि देश हादरला. १९७१ साली सरकारनं ठरवलं की ही माणसं इस्पितळांतून बाहेर आणायची आणि वस्तीत, घरांत ठेवायची. ठरवणं सोपं होतं, पण करायला पुढची तीसेक वर्षं लागली.

ईलिंगमध्ये हे काम करण्यासाठी 'ईलिंग कन्सॉर्शियम' नावाची संस्था उभी राहिली. तिनं या भागात साधी घरं घेऊन इस्पितळातून आलेल्यांना तिथे बसवलं. पुढे तिचं नाव 'सपोर्ट फॉर लिव्हिंग' झालं आणि २०१० साली दुसऱ्या एका संस्थेशी जोडून 'सर्टिट्यूड' झालं. आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षं खाटेच्या नंबरानं ओळखली गेलेली माणसं घराला बेल असलेल्या, परसात गुलाब असलेल्या गल्लीत आली. स्वतःच्या खोलीची किल्ली खिशात असणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगून समजायचं नाही.

अशी घरं साधारण दोन प्रकारची असतात. एक 'केअर होम', जिथे राहणं आणि सांभाळ एकाच संस्थेकडे, आणि सरकारी तपासणी होते. दुसरं 'सपोर्टेड लिव्हिंग', म्हणजे माणूस त्या घरातला रीतसर भाडेकरू, आणि मदतनीस त्याच्या घरी येऊन काम करतात. बाहेरून पाहिलं तर दोन्ही घरं आपल्यासारखीच. तीच पुढची बाग, तेच कचऱ्याचे डबे.

शेजाऱ्यांचे प्रश्न

आता कुजबुजीतले प्रश्न एकेक घेऊ.

"आम्हाला आधी विचारलं का नाही?" कारण इंग्लंडच्या बांधकाम नियमांत १९८७ पासून असं आहे की सहापर्यंत माणसं एका कुटुंबासारखी राहत असतील आणि त्यांना मदत मिळत असेल, तर ते साधं राहतं घरच समजलं जातं. वेगळी परवानगी लागत नाही. तुम्ही-आम्ही घर घेतलं तेव्हा गल्लीला विचारलं होतं का?

"घराच्या किमती पडतील ना?" ही भीती फार जुनी. न्यू यॉर्क राज्यातल्या ग्रुप होम्सचा अभ्यास ज्युलियन वोल्पर्ट यांनी १९७८ साली केला, तेव्हा आजूबाजूच्या घरांच्या किमतीवर परिणाम झालेला दिसला नाही. शिवाय इथलं कौन्सिल परवानगीचा विचार करताना शेजाऱ्याच्या घराची किंमत हे कारण धरतच नाही.

"धोका तर नाही?" खरं पाहता धोका उलट दिशेनं जास्त असतो. चिडवणं, पैसे काढून घेणं, दारावर अंडी मारणं हे या माणसांना सोसावं लागतं.

"आवाज आणि गाड्या?" हा मात्र खरा प्रश्न आहे, तो झटकून टाकू नये. मदतनीस पाळीनं येतात, त्यांच्या गाड्या येतात. एखादा ओरडतो, कारण त्याला शब्द सापडत नाहीत. अशा वेळी मॅनेजरशी बोलावं. गाडी कुठे लावायची हे गल्लीतल्या कुठल्याही शेजाऱ्याशी बोलतो तसंच.

अमेरिकेत टेक्सासमधल्या क्लीबर्न गावची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे १३ बौद्धिक अक्षम माणसांसाठी घर करायचं होतं. गावानं परवानगी नाकारली. कारणं काय? शेजारी घाबरतात, आणि समोर शाळा आहे, तिथली मुलं त्रास देतील. गंमत म्हणजे त्या शाळेतच अशी तीसेक मुलं शिकत होती! आणखी एक कारण असं की जमीन पुराच्या पट्ट्यात येते. पण तिथेच म्हाताऱ्यांचं नर्सिंग होम बांधायला वेगळी परवानगी लागत नव्हती. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं गावाचा निर्णय रद्द केला. शेजाऱ्यांना आवडत नाही किंवा भीती वाटते, एवढं कारण पुरेसं नाही, असं ठरलं.

ही वाक्यं आपण पूर्वी ऐकली आहेत

वाचकहो, "किमती पडतील", "आमची वस्ती बदलेल", "आधी विचारलं का नाही", ही वाक्यं ओळखीची वाटत नाहीत का? १९६३ साली साउथॉलमध्ये गोऱ्या रहिवाशांनी एक संघटना काढली होती, आशियाई वस्ती वाढण्याला विरोध करायला. एका शाळेत 'आपली' मुलं फार होऊ नयेत म्हणून साउथॉलच्या मुलांना १९६० आणि ७० च्या दशकांत बसमध्ये घालून लांबच्या शाळांत पाठवत. १९६५ साली साउथॉल ईलिंगच्या कौन्सिलात आलं. म्हणजे आपण राहतो तो हाच भाग. तेव्हा नको असलेले शेजारी आपल्यासारखे लोक होते. मसाल्याचा वास येतो, जोरात बोलतात, घरात माणसं फार, अशी तक्रार. दिवस गेले, ओळखी झाल्या, आणि आज त्याच गल्लीतला इंग्रज शेजारी भजी मागून खातो. ज्यानं बंद दार सोसलं आहे त्यानं दुसऱ्यावर दार लावू नये.

आपल्या घरातलं

दुसऱ्यांना सांगण्याआधी आपल्या घरातही डोकावू. कोकणात, अलिबागकडच्या गावांत असा मुलगा असला तर सगळ्यांना माहीत असायचा. तो विहिरीवरून पाणी आणायचा, गुरांमागे जायचा, लग्नात पंगतीत जेवायचा. पण तोच पोरांच्या दगडांचाही धनी असायचा. मुंबईच्या चाळीत जागा कमी आणि डोळे फार. बहिणीला पाहायला पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवायचे, "स्थळ मोडेल" म्हणून. त्यात आईचा जीव तुटायचा, पण बोलायचं कोणाशी? १९९१ चा 'चौकट राजा' ज्यांनी पाहिला असेल त्यांना दिलीप प्रभावळकरांचा नंदू आणि सुलभा देशपांडे यांनी केलेली त्याची आई आठवत असेल. पुष्कळ घरांत तो सिनेमा पाहून पहिल्यांदा या विषयाला तोंड फुटलं.

करणारेही होते. मुंबईत १९४४ साली वकील नावाच्या पारशी दांपत्यानं आपल्या दीना नावाच्या मुलीसाठी शाळा सुरू केली. तीच शिवडीची जय वकील शाळा. डोंबिवलीजवळ खोणीला आईबापांनी एकत्र येऊन 'घरकुल' उभारलं, आपल्या मागे मुलांना घर असावं म्हणून. इंग्लंडात ज्यू समाजानं १९५३ साली बर्कशरमध्ये रेव्हन्सवूड गाव वसवलं. ती संस्था १९९६ साली नॉरवूडमध्ये मिळाली. इस्राएलमध्ये १९५१ साली आईबापांनीच 'अकीम' स्थापन केली. सगळीकडे सुरुवात आईबापांनी केली आहे, हे पाहा.

आणि त्यांची काळजी आता वाढली आहे. डाउन सिंड्रोम असलेलं मूल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरासरी पंचविशी गाठायचं. आज ही माणसं साठीच्या आसपास जगतात. ही आनंदाचीच गोष्ट. पण याचा अर्थ असा की ऐंशी वर्षांची आई पन्नाशीच्या मुलाला अंघोळ घालते आहे, आणि रात्री तिला एकच प्रश्न छळतो: "माझ्यामागे याचं काय?" भावंडं एक लंडनला, एक अश्दोदला, एक मुंबईला. एकत्र कुटुंब उरलं नाही. तेव्हा शेजारच्या गल्लीतलं ते घर हेच त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तिथे आपण 'नको' म्हणून सही केली, तर ती सही त्या आईच्या विरुद्ध होते. उद्या ती आई आपलीच बहीण किंवा मुलगी असू शकते.

शेजारी असणं का गरजेचं

घर वस्तीतच का हवं, लांब शांत जागी का नको, असं काही जण विचारतात. २०११ साली ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी इस्पितळात नोकरच रहिवाशांना मारतात, छळतात, हे बीबीसीनं गुप्त कॅमेऱ्यानं दाखवलं. ११ जणांना शिक्षा झाली, त्यांपैकी सहा जणांना तुरुंग. ती इमारत कचेऱ्यांच्या आवारात होती. समोरच्या खिडकीतून पाहणारी आजी नाही, कुंपणावरून बोलणारं कोणी नाही. भिंतीआड काय चालतं ते हॅनवेलच्या काळातही कोणाला दिसत नव्हतं आणि तिथेही दिसलं नाही. ओळखीचा शेजारी हीच त्या माणसांची राखण. आज अमका बाहेर का आला नाही, त्याच्या हाताला काय लागलं, हे विचारणारं कोणी असलं की वाईट माणूसही जपून वागतो.

तेव्हा करायचं काय? फार मोठं काही नाही. नवीन लोक आले की पहिल्या आठवड्यात जाऊन नाव सांगा, नावं विचारा. बोलताना मदतनिसाकडे न पाहता त्या माणसाशी बोला, आणि उत्तराला वेळ द्या. रोश हशानाला चिकाचा हलवा कराल तेव्हा एक ताटली तिकडेही द्या (आधी पथ्य विचारा, काहींना गिळायला त्रास असतो). चाळीस वर्षांच्या माणसाला "बाळा" म्हणू नका. तो आपल्यासारखाच मोठा आहे.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी तीन गोष्टी. टक लावून पाहायचं नाही, हसून 'हॅलो' म्हणायचं. कोणी नक्कल करत असेल तर त्यात सामील व्हायचं नाही. आणि एखाद्याचं बोलणं समजलं नाही तर पळायचं नाही, "पुन्हा सांगता का?" असं विचारायचं. तुमच्या आजीचं इंग्रजी दुकानदाराला समजत नव्हतं, तेव्हा तिलाही असंच विचारणारा कोणीतरी हवा होता.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असं मूल किंवा मोठं माणूस असेल तर त्यांनी लपवू नये. ईलिंग कौन्सिलच्या समाजसेवा विभागाकडे गरजांची तपासणी मागता येते आणि सांभाळणाऱ्याचीही वेगळी तपासणी मागता येते. हे दोन्ही हक्क २०१४ च्या केअर कायद्यानं दिले आहेत. अर्ज आपण धडधाकट असतानाच करावा, आजारी पडल्यावर नाही. इंग्रजीत बोलायची अडचण असेल तर समाजातल्या तरुण मंडळींना बरोबर न्यावं. आम्हीही येऊ.